फिस्टुलावरचा दिवा आणि ‘तोटा तर नाही ना’चा युक्तिवाद

बंगळुरात डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी गेलं की हल्ली एका दिव्याचा विषय निघतो. दिवा म्हणायचं, पण त्याचा उजेड पडत नाही. स्टँडवर बसवलेली, विजेवर तापणारी सिरॅमिकची तबकडी. डायलिसिस चालू असताना ती रुग्णाच्या हातातल्या फिस्टुलावर वीतभर उंचीवर आणायची आणि चाळीस मिनिटं तशीच ठेवायची. हिचं नाव फार-इन्फ्रारेड थेरपी. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असतो, कुठूनतरी तैवानचे आकडे त्याच्या हाती लागलेले असतात, आणि ‘आपल्या सेंटरमध्ये हे का नाही?’ असा प्रश्न घरात घुमत असतो.

या दिव्याबद्दलचं प्रचलित मत तीन पायांवर उभं आहे. फिस्टुला टिकवण्यासाठी हा उपाय सिद्ध झालेला आहे, हा पहिला. हे किरण कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटर शिरतात आणि शिरेच्या अस्तरावर थेट काम करतात, म्हणून साध्या शेकापेक्षा ते निराळे, हा दुसरा. आणि या दोन्हींत काही कमीजास्त असलं तरी तोटा तर काही नाही ना, हा तिसरा. नातेवाईक हे म्हणतात, दिवा विकणारे म्हणतात, आणि एरवी काटेकोर असणारे काही डॉक्टरही तिसऱ्या वाक्यापाशी येऊन मान डोलावतात. मला या तिन्हींपैकी एकही पाय भक्कम वाटत नाही. सर्वांत कच्चा तिसरा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना तोच सर्वांत पक्का वाटतो.

पण आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल इतक्या ताकदीनं मांडल्याशिवाय खंडनाला हात घालू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे.

डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागतं, तेही चार तास सलग. हातातली साधी शीर एवढं रक्त देऊ शकत नाही. १९६० मध्ये सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी कातडीबाहेर बसवली आणि पुन्हापुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. ती नळी गाठीनं तुंबे, पिकेही. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांची युक्ती साधी होती. मनगटापाशी धमनी आणि शीर थेट एकमेकींना शिवून टाकायच्या. धमनीचा जोर शिरेत उतरतो, शीर फुगते, तिची भिंत जाड होते, आणि काही आठवड्यांनी तिच्यात दोन जाड सुया टोचता येतात. हाच फिस्टुला. साठ वर्षं होत आली, याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

त्याची दुखरी बाजूही तेवढीच जुनी. जोडाच्या आसपास शिरेच्या आतल्या थरात पेशी वाढत जातात, वाट अरुंद होते, प्रवाह मंदावतो, आणि एखाद्या दिवशी रक्तदाब उतरला की गाठ होऊन सगळंच थांबतं. काही फिस्टुला तर मुळात तयारच होत नाहीत. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, आणि शीर होती तशीच राहते.

अशा ठिकाणी तैवानमधून बातमी आली. तैपेईच्या व्हेटरन्स जनरल हॉस्पिटलमधल्या लिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या नियतकालिकात १४५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी चाळीस मिनिटं, वर्षभर हा दिवा दिला. वर्षाअखेर दिव्याच्या गटात ७२ पैकी ९ जणांचा फिस्टुला बिघडला, दुसऱ्या गटात ७३ पैकी २२ जणांचा. काहीही दुरुस्ती न करता चालू राहिलेल्या फिस्टुलांचं प्रमाण ८५.९ टक्के विरुद्ध ६७.६ टक्के. पुढे २०१३ मध्ये त्याच गटानं अजून डायलिसिसला न लागलेल्या १२२ रुग्णांवर, नव्यानं केलेल्या फिस्टुलावर हाच प्रयोग केला. वर्षभरात प्रत्यक्ष वापरण्याजोगा झालेला फिस्टुला ८२ टक्के विरुद्ध ६० टक्के. मधल्या काळात, २००८ मध्ये, त्यांनी कारणमीमांसाही दिली होती. हे किरण रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींत हीम-ऑक्सिजनेज-१ नावाचं विकर वाढवतात आणि त्यामुळे दाह कमी होतो. चाचणीत गंभीर दुष्परिणाम नाहीत. औषधाची गोळी नाही, सुई नाही.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. एवढा फरक दाखवणारी गोष्ट फिस्टुलाच्या साठ वर्षांच्या इतिहासात क्वचितच दिसली आहे. ‘चिनी लोकांचं काहीतरी खूळ’ म्हणून ती झटकून टाकणारेही बंगळुरात आहेत, आणि त्यांनी मूळ निबंध उघडलेला नसतो हे दोन वाक्यांत कळतं. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

वाद आहे तो किरण ‘खोल शिरतात’ या दाव्यापासून सुरू होतो.

भौतिकशास्त्रात हा प्रश्न अजिबात संदिग्ध नाही. कोणतीही तापलेली वस्तू अवरक्त किरण सोडते आणि तिचं तापमान किती यावर त्या किरणांची तरंगलांबी ठरते. या दिव्याचा भर आठ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तबकडी ८०-९० अंश सेल्सिअसला तापलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपलं ३७ अंशांचं शरीर स्वतःच सव्वानऊ-साडेनऊ मायक्रॉनला जोरात किरण सोडत असतं. चपातीचा तवा सहा मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे फार-इन्फ्रारेड हा कुणा प्रयोगशाळेत जन्मलेला दुर्मीळ किरण नव्हे. आपण दिवसभर त्यातच वावरतो.

आता हे किरण कातडीत किती आत जातात ते पाहू. कातडीत भरपूर पाणी असतं, आणि आठ ते दहा मायक्रॉनचे किरण पाणी अधाशासारखं पिऊन टाकतं. शुद्ध पाण्यात या किरणांचा जोर पंधरा-वीस मायक्रॉनमध्येच निम्म्याहून कमी होतो. कातडीचा वरचा थर कोरडा असतो, म्हणून थोडं जास्त धरा. तरी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या पलीकडे फारसं काही पोचत नाही. आणि फिस्टुला किती खोल असतो? टोचण्याजोग्या फिस्टुलासाठी डॉक्टरांमध्ये ‘सहाचा नियम’ म्हणून एक ठोकताळा आहे. सहा आठवड्यांनी मिनिटाला सहाशे मिलिलिटर प्रवाह, सहा मिलिमीटर व्यास, आणि कातडीपासून सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल नको. शीर सहा मिलिमीटरपर्यंत आत, किरण एका मिलिमीटरच्या दहाव्या भागात संपलेले. शिरेच्या अस्तराला किरण भेटतच नाहीत. तिथे पोचते ती उष्णता, कातडीतून झिरपत, रक्ताबरोबर वाहत.

दोन-तीन सेंटिमीटरचा आकडा मात्र माहितीपत्रकातून माहितीपत्रकात आणि तिथून शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत आरामात फिरतो. इंदिरानगर-कोरमंगल्यातल्या इन्फ्रारेड सौनाच्या जाहिरातींतही तो दिसतो. गंमत अशी की फिजिओथेरपीच्या खोलीतला तो जुना लाल बल्ब, ज्याची तार दोन-अडीच हजार अंशांना तापते, त्याचे एक मायक्रॉनच्या आसपासचे किरण कातडीत या नव्या दिव्याच्या किरणांपेक्षा बरेच खोल जातात. ज्याला ‘साधा शेक’ म्हणून नाक मुरडलं जातं, तोच खोलीच्या शर्यतीत पुढे.

यावर दिव्याच्या बाजूनं एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. तैवानच्या प्रयोगात अस्तराच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्यावर किरण सोडले तेव्हा हीम-ऑक्सिजनेज वाढलं, आणि तो परिणाम निव्वळ उष्णतेचा नाही असं त्यांचं म्हणणं आहे. असेल. पण बशीत पेशींवर कातडी नसते. बशीतल्या पेशीला जे मिळतं ते हातातल्या पेशीला मिळतं हे सिद्ध करायचं तर मधल्या सहा मिलिमीटरचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब भौतिकशास्त्राच्या विरोधात जातो. शिवाय हीम-ऑक्सिजनेज-१ चं जीवशास्त्रातलं दुसरं नाव आहे हीट शॉक प्रोटीन ३२. पेशीवर कसलाही ताण आला की ते वाढतं. आणि कातडी नुसती शेकली तरी तिथल्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि रुंदावतात, हे फार पूर्वीच दाखवून झालं आहे. तेव्हा दिव्यामुळे काही घडत असेल तर ते ‘ऊब’ या खात्यात जमा करायला काय हरकत आहे? हे मान्य केलं तर दिवा खोटा ठरत नाही. त्याच्याभोवतीचं वलय तेवढं जातं, आणि वलय गेलं की पुढचा प्रश्न विचारता येतो: मग चाचणीत दिव्याची तुलना कशाशी केली?

उत्तर आहे, कशाशीच नाही. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले, ऊब मिळाली नाही.

डायलिसिसचा हॉल कुणी आतून पाहिला असेल त्याला याचं महत्त्व लगेच कळेल. एसी चालू असतो. रक्तदाब उतरू नये म्हणून यंत्रातलं द्रावणही पुष्कळदा शरीरापेक्षा थोडं थंड ठेवतात. रुग्ण चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेला असतो, पण फिस्टुलाचा हात बाहेर, उघडा, कारण सुया सतत दिसल्या पाहिजेत. एखादी सुई चादरीखाली निसटली तर काही मिनिटांत जीवावर बेतू शकतं. म्हणजे चार तास तो एक हात गारठलेला. त्या हाताला ऊब देणं आणि न देणं यांची तुलना झाली. दिवा आणि गरम पॅड, दिवा आणि नुसती लोकरी बाही घातलेला हात, अशी तुलना त्या वर्षभराच्या चाचण्यांत नाही. ‘शेकापेक्षा हे निराळं’ असं म्हणायचं आणि शेकाशी गाठ घालून द्यायची नाही, हे न्यायाला धरून नाही.

दुसरं, चाचणी उघडी होती. कुणाला दिवा मिळतोय हे रुग्णालाही माहीत, डॉक्टरांनाही माहीत. मृत्यू मोजायचा असता तर एक वेळ चाललं असतं, मृत्यूबाबत मतभेद होत नाहीत. पण ‘फिस्टुला बिघडला’ म्हणजे बऱ्याच वेळा ‘आता बलून घालून शीर रुंद करायला पाठवू या’ असा डॉक्टरांचा निर्णय. तो निर्णय आज घ्यायचा की आणखी दोन आठवडे वाट पाहायची, यात माणसाच्या मनाला बरीच जागा असते. दिव्याखाली असलेल्या हाताबद्दल थोडी जास्त आशा वाटणं हा अप्रामाणिकपणा नव्हे, स्वभाव आहे. पहिल्या चाचणीत दोन गटांमधला फरक तेरा रुग्णांचा आहे. तेवढ्यात अशी आशा किती भर घालू शकते याचा विचार वाचकानंच करावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. २०१३ च्या चाचणीतले रुग्ण डायलिसिसवर नव्हते. दिव्याच्या गटातले लोक वर्षभर आठवड्यातून तीनदा केवळ चाळीस मिनिटांच्या शेकासाठी येत होते. (सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकातून आठवड्यात तीनदा, वर्षभर! बंगळुरात ही चाचणी तिथेच संपली असती.) जो माणूस इतक्या वेळा हात पुढे करतो, त्याच्या हाताकडे कुणी ना कुणी बघतंच. सूज, लाली, मंद झालेला प्रवाह, काहीही आठवड्याच्या आत लक्षात येतं. मग शेवटी जे टिकलं ते दिव्यानं टिकलं की बघण्यानं? ही शंका पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आणि हे सगळं एकाच शहरातल्या एकाच गटानं रचलेल्या चाचण्यांवर उभं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. नंतर चीनमधून अनेक लहान चाचण्या आल्या आणि त्यांची बेरीज करून मोठमोठे निष्कर्ष मांडले गेले. पण एकाच प्रकारच्या उणिवा असलेल्या दहा चाचण्यांची बेरीज केली तर उणिवांचीही बेरीज होते.

फिस्टुलाच्या बाबतीत अशी फसगत नवी नाही. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी नव्या फिस्टुलाला द्यावी, हे कोणालाही पटेल असं तर्कशास्त्र होतं. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर रीतसर, बनावट गोळीशी तुलना करून चाचणी झाली आणि २००८ मध्ये निकाल आला. गाठी खरंच कमी झाल्या, १९.५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर. पण डायलिसिसला वापरताच न आलेले फिस्टुला? गोळीच्या गटात ६१.८ टक्के, बनावट गोळीच्या गटात ५९.५ टक्के. गाठ टळली, फिस्टुला मात्र उपयोगाचा झाला नाही. मग माशाच्या तेलाची पाळी आली. ऑस्ट्रेलियातून निघालेल्या, अनेक देशांतल्या ५६७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये लागला: तेल घेणाऱ्यांत ४७ टक्के फिस्टुला निकामी, न घेणाऱ्यांतही ४७ टक्के. जपानमध्ये हृदयविकारासाठी फार-इन्फ्रारेड सौनाची ‘वाओन’ उपचारपद्धती तीसेक वर्षं गाजत होती. २०१६ मध्ये अनेक रुग्णालयांतली चाचणी झाली तेव्हा मुख्य कसोटीवर दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. दिव्याचंही असंच होईल असा माझा दावा नाही. मोठ्या, आंधळ्या, अनेक ठिकाणच्या चाचणीच्या आधी ‘सिद्ध’ हा शब्द वापरायचा नसतो, एवढंच.

आता तिसरा पाय. तोटा तर नाही ना?

रुग्णाच्या कातडीला तोटा नाही, हे मी मान्य करतो. वीतभर अंतरावरची तबकडी कातडी ३८-३९ अंशांवर नेऊन थांबवते. मधुमेहानं बधिर झालेल्या हाताला गरम पाण्याची पिशवी भाजू शकते, दिवा तसा भाजत नाही. ही दिव्याची खरी जमेची बाजू आहे, आणि विक्रेते तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत याचं मला नवल वाटतं. पण उपचाराचा तोटा फक्त कातडीवर मोजायचा नसतो. तो बंगळुरातल्या डायलिसिसच्या हॉलमध्ये उभं राहून मोजायचा असतो.

तैवानमध्ये १९९५ पासून सार्वत्रिक आरोग्य विमा आहे. तिथला रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो, आणि चाचणीतली मात्राही आठवड्यातून तीनदाची. आपल्याकडे स्वतःच्या खिशातून पैसे भरणारे असंख्य लोक आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांना दिवा दिला तरी मात्रा दोन तृतीयांशच. शिवाय दोन डायलिसिसमधलं अंतर वाढलं की अंगात पाणी जास्त साठतं, ते कमी वेळात काढावं लागतं, रक्तदाब धाडकन उतरतो, आणि फिस्टुलात गाठ होण्याचं ते एक मोठं कारण. ज्याचं तिसरं डायलिसिस पैशांअभावी हुकतं त्याच्याकडून दिव्याचे पैसे घेणं हा तोटा नाही तर काय आहे?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दिवा ज्यावर धरायचा तो फिस्टुलाच पुष्कळांच्या हातात नसतो. केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये आला, जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रं आली, ही मोठीच सुधारणा. पण व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नेफ्रो-युरॉलॉजीसारख्या सरकारी संस्थेत जो रुग्ण येऊन धडकतो, तो बहुधा दम लागून, पाय सुजून, तातडीनं डायलिसिस लागेल अशाच अवस्थेत येतो. त्याच्या मानेत नळी घालूनच सुरुवात होते. फिस्टुला मग ‘करू सावकाश’. सावकाश म्हणजे कधी, ते खिशावर आणि शस्त्रक्रियेच्या तारखेवर अवलंबून. तोवर नळीतून जंतुसंसर्ग होतो, मानेतल्या शिरा अरुंद होतात, आणि फिस्टुला झालाच तरी त्याची वरची वाट आधीच बुजलेली असते.

आणि त्याही आधी एक घटना घडलेली असते, जी कुणाच्या केसपेपरवर नसते. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी ताप आला म्हणून कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये दाखल झालेला असतो. मधुमेह जुना, क्रिएटिनिन वाढलेलं, कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही. सलाईन लावायला मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूची ती ठसठशीत, सरळ शीर सापडली की नर्स खूश. सुईची नळी तिथे चार दिवस राहते, शीर लाल होते, दोरीसारखी कडक होते. १९६६ मध्ये सिमिनो मंडळींनी धमनीला जोडायला निवडली होती ती नेमकी हीच शीर. ती अशी गेली की सर्जनला कोपरापर्यंत वर सरकावं लागतं. यावर दिवा धरून काय होणार?

‘दिवाही ठेवा, हेही करा, दोन्ही करायला कुणी अडवलंय?’ असं कुणी म्हणेल. कागदावर बरोबर आहे. हॉलमध्ये मात्र एका पाळीला एका टेक्निशियनच्या वाट्याला कित्येक यंत्रं, आणि दिवसाला तीन-चार पाळ्या. दिवा आणायचा, उंची बघायची, वेळ लावायचा, दुसऱ्या खाटेवर न्यायचा, यातली दर खाटेमागची पाच मिनिटं कुठून तरी कापली जातात. ती बहुधा फिस्टुला हातानं तपासण्यातून जातात, कारण न केलं तरी कुणी विचारत नाही असं तेच एक काम आहे.

ते काम कसं असतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. मी ज्या केंद्रात नातेवाइकाबरोबर बसतो तिथे निपाणीकडची एक टेक्निशियन आहे. बेळगावच्या एका काकांना सुया टोचण्याआधी तिनं रक्ताची थरथर (थ्रिल) चाचपायला तीन बोटं जोडावर ठेवली आणि ती तिथेच थांबली.

“काका, आज थ्रिल बारीक लागतंय. काल चक्कर आलती काय?”

“आलती खरं. बाथरूममधनं आलो आन् बसलो जरा. आता बरं हाय.”

तिनं त्यांना हात डोक्याच्या वर उचलायला लावला. फुगलेली शीर हात वर नेला की पडायला हवी. जोडाकडची पडली नाही, कोपराजवळच्या एका बिंदूपर्यंत तट्ट फुगलेली राहिली आणि त्यापुढे सपाट झाली. मग तिनं विचारलं, मागच्या वेळी सुया काढल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागला? काका म्हणाले, बराच. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉपलर झालं, त्याच बिंदूला अरुंदपणा निघाला, बलून घातला, आणि फिस्टुला आजही चालू आहे. तपासायला पुरतं एक मिनिटही लागलं नव्हतं. अशा हातानं केलेल्या तपासणीचे निष्कर्ष अँजिओग्राफीशी ताडून पाहिलेले अभ्यास आहेत, आणि जाणत्या बोटांचं म्हणणं बऱ्याच वेळा बरोबर निघतं. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.एस्सी. डायलिसिस टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमातून शिकून आलेल्या मुलामुलींना हे येतं. करायला वेळ मिळत नाही, आणि केलं तर त्याचा वेगळा दर लावता येत नाही. दिव्याचा लावता येतो. दिव्याच्या लोकप्रियतेतला हा भाग सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

सुया टोचण्याच्या जागेचंही तेच. दर वेळी त्याच दोन बिंदूंवर टोचलं तर दुखत कमी, म्हणून रुग्णही आग्रह धरतात, आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे शिरेचा फुगा होतो, त्याच्या दोन्ही टोकांना वाट अरुंद होते. शिडीच्या पायऱ्यांसारखी जागा बदलत टोचावं, हे प्रत्येक पुस्तकात आहे. पण पाळीच्या घाईत सोपी जागाच सापडते.

मग दिव्याला जागाच नाही का? आहे, आणि ती कुठे आहे हे नेमकं सांगणं हे मंडनाचं काम. ज्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं, फिस्टुला झालेला आहे, बोटांनी तपासणी नियमित होते आणि तरीही प्रवाह घसरतोय, त्याच्या हातावर दिवा धरायला माझी हरकत नाही. गारठलेल्या हॉलमध्ये त्या हाताला ऊब मिळते, भाजण्याची भीती नाही, रुग्णालाही बरं वाटतं. मात्र ‘हा शेक आहे, उपयोग होण्याची शक्यता आहे, सिद्ध झालेलं नाही’ असं त्याला सांगून, आणि शक्यतो वेगळे पैसे न घेता. नव्या फिस्टुलासाठी घरून खास आठवड्यातून तीनदा बोलावून दिवा देण्याला मात्र माझा विरोध आहे. तेवढे हेलपाटे घालायचेच असतील तर ते डॉपलरसाठी आणि सर्जनला हात दाखवण्यासाठी घालावेत.

शिवाय या वादाचा निकाल लावण्याची साधनं बंगळुरातच आहेत. भारतीय विज्ञान संस्थेत दिव्याचा वर्णपट आणि कातडीतली उष्णता मोजू शकणारे लोक आहेत. सरकारी संस्थेत रुग्ण आहेत. मोठ्या खासगी साखळ्यांत डायलिसिसच्या नोंदी संगणकावर आहेत. चाचणी अशी रचावी: एका गटाला दिवा, दुसऱ्याला त्याच तापमानाचं, न भाजणारं गरम आवरण, तिसऱ्याला काहीच नाही, तिन्ही गटांची बोटांनी तपासणी सारख्याच वेळा, आणि बलूनला पाठवायचं की नाही हे ठरवणाऱ्याला कोणता हात कोणत्या गटातला हे माहीत नसावं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्यांनाही त्यात घ्यावं, कारण आपले रुग्ण तेच आहेत. दिवा गरम आवरणाच्या पुढे गेला तर मी माझं म्हणणं मागे घेईन आणि तसं लिहीन. बरोबरीत राहिला तर दिव्याच्या किमतीत पुष्कळ हातांना पुरतील एवढी आवरणं येतील.

तोपर्यंत वाचकाला एकच विनंती. घरात कुणाला जुना मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि क्रिएटिनिन वाढू लागलं असेल, तर ज्या हातानं तो जेवत नाही त्या हाताच्या मनगटाच्या वरच्या शिरांत सुई, सलाईन, रक्ततपासणी काहीही होऊ देऊ नका. लागलीच तर तळहाताच्या मागच्या बाजूला लावायला सांगा. डॉक्टर चिडले तरी चालेल. आणि डायलिसिसची पाळी येण्याच्या काही महिने आधी, मानेत नळी घालण्याची वेळ येऊ न देता, सर्जनला तो हात दाखवून या.